पहिला आकडा कधीच पूर्ण नसतो

प्रश्न : ताई, माझा मुलगा ३२ वर्षांचा आहे. नोकरी चांगली आहे, चार वर्षांपूर्वी लग्न झालं, दोघं वेगळे राहतात. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या फोनवर एका अनोळखी माणसाचा फोन आला. "तुमच्या मुलाला सांगा, कार्डाचे पैसे भर, नाहीतर आम्ही ऑफिसात येऊ." माझे हातपायच गळाले. संध्याकाळी मुलाला बोलावून घेतलं. मान खाली घालून म्हणाला, दोन क्रेडिट कार्डांवर मिळून सहा लाख झालेत. दर महिन्याला तीस हजार भरतोय, तरी कमी होत नाहीत. सुनेला यातलं काही माहीत नाही आणि आम्ही सांगू नये असं त्याचं म्हणणं. हे म्हणतात, ठेव मोडू, एकदाच भरून टाकू आणि विषय संपवू. पण यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि त्याच ठेवीच्या व्याजावर आमचं घर चालतं. नाही म्हणावं तर पोटचा गोळा आहे. हो म्हणावं तर उद्याची भीती वाटते. काय करू? — एक आई

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ बाजूला ठेवून दिलं, कारण त्यातली 'एकदाच भरून टाकू' ही ओळ आमच्या घरात जशीच्या तशी बोलली गेली आहे. तेव्हा आधी आमच्याकडे काय झालं ते सांगते.

मी २६ वर्षं एका बँकेत होते, त्यातली शेवटची आठ कर्जवसुली विभागात. दिवसभर लोकांची थकबाकी बघणाऱ्या मला स्वतःच्या मुलीची थकबाकी दिसली नाही. दिसत होतं ते एवढंच की घरी आली की फोन टेबलावर पालथा ठेवायची. मला वाटायचं, ऑफिसचा ताण असेल. कळलं तेव्हा तिने २ लाख ८० हजारांचा आकडा सांगितला. आम्ही दोघांनी दुसऱ्याच दिवशी ठेव मोडली आणि दुपारपर्यंत सगळं भरलं. ती माझ्या कुशीत शिरून रडली आणि मला वाटलं, सुटलो. चौदा महिन्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी आकडा होता ५ लाख १० हजार.

मुलगी बेइमान नव्हती. झालं असं की पहिल्या वेळी तिने चारपैकी दोनच कार्डं सांगितली होती. उरलेल्या दोनांचा आकडा तोंडातून बाहेर पडेना. तिला वाटलं, हे दोन मी गुपचूप फेडीन. आणि आम्ही जी दोन कार्डं भरली त्यांची पूर्ण लिमिट पुन्हा मोकळी झाली. मग लपवलेल्या कार्डांचे हप्ते ती मोकळ्या झालेल्या कार्डांतून भरायला लागली. ह्याची टोपी त्याला, त्याची टोपी ह्याला.

वसुलीच्या टेबलावरही मी हेच पाहिलं होतं, फक्त घरात ओळखू शकले नाही. लाजेने सांगितलेला पहिला आकडा कधीच पूर्ण नसतो. तुमच्या मुलाने सहा लाख सांगितले आहेत. तो खोटं बोलतोय असं मला म्हणायचं नाही. आई-वडिलांच्या तोंडाकडे बघत जेवढं उच्चारता येतं तेवढंच माणूस उच्चारतो. म्हणून ठेव मोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी आकडा पूर्ण बाहेर येऊ द्या.

त्याला एका सुटीच्या दिवशी सकाळी बोलवा, रात्री नको. सोबत सगळी कार्डं, फोन आणि पगाराच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणायला सांगा. आमच्याकडे मुलीने तीन कार्डं पाकिटातून काढली आणि बराच वेळ गप्प बसून चौथं फोनच्या कव्हरमागून काढलं. बँकांचे मेल तिने कित्येक महिने उघडलेच नव्हते. एकेक स्टेटमेंट आम्ही मिळून उघडलं आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलने लिहीत गेले : कार्ड, एकूण देणं, व्याजाचा दर, किमान रक्कम, भरण्याची तारीख. पगाराच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला कुठे कुठे पैसे जातात ते पाहिलं तेव्हा ॲपवरून घेतलेली दोन छोटी कर्जंही सापडली. शक्य असेल तर त्याचा क्रेडिट रिपोर्टही काढा. त्याच्या नावावरची बहुतेक कार्डं आणि कर्जं त्यात एकाच जागी दिसतात आणि विसरलेलं किंवा लपवलेलं वर येतं. त्या दोन तासांत कृपा करून 'का केलंस' हा शब्द तोंडातून काढू नका. मी काढला होता. त्यानंतर अर्धा तास ती काही बोललीच नाही.

'का' विचारायचं, पण दुसऱ्या दिवशी, आणि ते कळणं गरजेचं आहे. नोकरी मध्ये सुटली होती का, कुणाचं आजारपण होतं का, मित्राला उसने दिले का, की ऑनलाइन सट्टा, जुगार, शेअरमध्ये झटपट पैसा असं काही. शेवटच्या प्रकारातलं असेल तर नुसत्या हप्त्यांच्या कागदाने भागत नाही. त्याला व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जावंच लागेल, आणि तोवर त्याच्या हातात मोकळा पैसा पडू न देणं हीच खरी मदत.

आता तो म्हणतो ते, 'भरतोय तरी कमी होत नाही'. तो खोटं सांगत नाही, देणं कमी होतं ते इतकं हळू की जाणवतच नाही. तुम्ही दर लिहिलेला नाही, म्हणून मी महिना ३ टक्के धरते. ऐकायला लहान वाटतो, पण व्याजावर व्याज चढून वर्षाला तो साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. सहा लाखांवर पहिल्याच महिन्यात १८ हजार व्याज. बिलावरची किमान रक्कम, ज्याला हे सगळे 'मिनिमम ड्यू' म्हणतात, ती ५ टक्के धरली तर होते ३० हजार ९००. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा व्याजातच गेला. असं वर्षभर फक्त मिनिमम भरत राहिला, एकही नवा खर्च केला नाही, तरी त्याच्या खिशातून जातील सुमारे ३ लाख ३० हजार आणि देणं उरेल ४ लाख ६२ हजार. सहाचे तीन लाख व्हायला जवळपास ३२ महिने लागतील.

आणि हेच मी तुमच्या मुलाला समोर बसवून दाखवलं असतं. देणं कमी होतं तशी मिनिममची रक्कमही दर महिन्याला घटत जाते. बिलात छोटा आकडा दिसतो, माणूस हुश्श करतो आणि तेवढाच भरतो. तसं न करता त्याने पहिल्या महिन्याचे ३० हजार ९००च कायम ठेवले, दर महिन्याला तेवढेच, एक पैसा कमी नाही, तर त्याच दराने सगळं देणं ३० महिन्यांत शून्य होतं. एकीकडे ३२ महिन्यांत निम्मं, दुसरीकडे ३० महिन्यांत पूर्ण, आणि पहिला हप्ता दोन्हीकडे एकच. ही आकडेमोड कागदावर करून दाखवली तेव्हा माझ्या मुलीचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला होता. नील स्ट्यूअर्ट या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये एक प्रयोग छापला होता. बिलावर किमान रक्कम छापलेली असली की, जे पूर्ण बिल भरत नाहीत असे लोक ती छापलेली नसताना भरले असते त्यापेक्षा कमी भरतात. म्हणजे तो छोटा आकडा बघूनच हात आखडतो. त्याला म्हणावं, बिलातली ती ओळ बघायचीच नाही, आपला आकडा आपण ठरवायचा.

हे गणित एकाच अटीवर चालतं : कार्ड वापरणं बंद. पूर्ण बंद. बिल पूर्ण भरणाऱ्याला खरेदीपासून भरण्याच्या तारखेपर्यंत काही दिवस बिनव्याजी मिळतात. थोडीही बाकी पुढे ढकलली की ती सवलत साधारणपणे जाते आणि आज केलेल्या खरेदीवर आजपासूनच व्याज लागतं. कार्डावर रोख काढली तर ते बहुधा पहिल्या दिवसापासूनच. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, जुनी बाकी वेगळी आणि या महिन्याची खरेदी वेगळी. कार्डं कात्रीने कापून काही होत नाही, नंबर सगळ्या ॲपमध्ये साठवलेला असतो. प्रत्येक ॲपमधून तो पुसायला लावा, कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी बंद करा आणि बँकेला कार्ड ब्लॉक करायला सांगा. देणं चालू असतानाही कार्ड ब्लॉक करता येतं.

मग बँकेशी बोलायचं, आणि ते त्याने स्वतः. हप्ता चुकण्याआधी बोललं तर जास्त पर्याय हातात असतात हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलं आहे. थकलेल्या रकमेचे कमी दराने ठरावीक हप्ते करून द्या असं मागता येतं. पगारावर वैयक्तिक कर्ज मिळत असेल तर ते घेऊन कार्डं मिटवता येतात. समजा वर्षाला १५ टक्क्यांनी मिळालं, तर तोच ३० हजार ९०० चा हप्ता ३० ऐवजी २३ महिन्यांत संपतो आणि दोन लाखांहून अधिक वाचतात. पण नवं कर्ज हातात येण्याआधी जुनी कार्डं बंद करण्याचा अर्ज तयार हवा, नाहीतर आमच्या पहिल्या वेळेसारखं होईल. अनेक कार्डं राहिलीच तर कोणतं आधी? हिशोबाने ज्याचा दर जास्त ते. पण माझ्या मुलीने सगळ्यात लहान बाकीचं आधी संपवलं आणि मी तिला अडवलं नाही. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांच्या २०१२ च्या अभ्यासातही, जे लोक एकेक खातं पूर्ण बंद करत गेले ते सगळं कर्ज फेडण्यापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त दिसली. एक कार्ड कायमचं गेलं की माणसाला बळ येतं. दरात फार फरक नसेल तर त्याला तेवढं बळ मिळू द्या.

आता तुमची ठेव. ज्या ठेवीच्या व्याजावर तुमचं घर चालतं तिला हात लावू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते. त्याच्यापुढे कमाईची निदान पंचवीस वर्षं आहेत, तुमच्यापुढे नाहीत. आज ती मोडलीत तर दहा वर्षांनी तुम्ही त्याच्यावर अवलंबून असाल, तेही तो स्वतःच्या संसारात ओढग्रस्त असताना. स्वतःच्या नावावर कर्ज काढणं, जामीन राहणं, राहतं घर गहाण टाकणं, ही तीनही दारं बंद. याला हात आखडता घेणं म्हणत नाहीत.

पण काही द्यावंसं वाटणारच, मलाही वाटलं. दुसऱ्या खेपेला आम्ही असं केलं : तिने ठरलेला हप्ता वेळेवर भरला की त्या महिन्यात आम्ही आमच्याकडून एक छोटी ठरावीक रक्कम थेट त्याच कार्डाच्या खात्यात भरायचो. तिच्या हातात नाही. ज्या महिन्यात तिचा हप्ता चुकला त्या महिन्यात आमचाही नाही. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा मला फार जड गेलं. हे सगळं एका कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या आणि धाकट्या मुलालाही सांगितलं, म्हणजे पुढे भावंडांत किल्मिष नको. महिन्याच्या दर पाच तारखेला ती स्टेटमेंट घेऊन यायची, मी पेन्सिलने आकडा लिहायची. एकतीस महिने. काही महिने आम्ही दहा मिनिटांत उरकलं, काही वेळा तासभर बसलो. माझ्या पैशापेक्षा त्या बसण्याने जास्त काम झालं असं तीच म्हणते.

सुनेबद्दल. त्याने 'सांगू नका' म्हटलंय आणि तुम्ही पांघरूण घालताय, आईच्या मायेने. पण घरखर्च दोघांचा असताना तीस हजारांचा हप्ता बायकोपासून लपवून तीस महिने चालणार कसा? उद्या तिला त्या वसुलीवाल्याचा फोन आला, तर नवऱ्याने लपवलं हे एक आणि सासू-सासऱ्यांनाही ठाऊक होतं हे दुसरं, असे दोन घाव तिला सोसावे लागतील. तुम्ही स्वतः सांगू नका, तो त्याचा संसार आहे. त्याला पंधरा दिवसांची मुदत द्या आणि सांगा, तू तिला सांगितल्यावरच आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसू, आणि हवं तर सांगताना शेजारच्या खोलीत थांबू.

वसुलीचा फोन पुन्हा आला तर घाबरून एक रुपयाही भरू नका. तुम्ही कुठे सही केली नसेल आणि त्याचं कार्ड तुमच्या कार्डावरचं ॲड-ऑन, म्हणजे तुमच्याच खात्यावर त्याच्या नावाने काढलेलं जोडकार्ड, नसेल, तर सज्ञान मुलाचं देणं ते त्याचंच. आमच्या विभागात एखाद्या आईने एकदा पैसे भरले की नोंदीत तसं लिहिलं जायचं आणि पुढचे फोन मुलाआधी तिला जायचे. ते मला तेव्हाही खटकायचं. शांतपणे एवढंच म्हणा, "कर्ज त्याचं आहे, त्याच्याशी लेखी बोला. तुमचं नाव आणि बँकेचं नाव सांगा, मी लिहून घेते." नाव मागितलं की आवाज बराच खाली येतो. धमकी दिलीच तर तारीख-वेळ लिहून मुलाला बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायला सांगा. तिथे दाद लागली नाही तर वर बँकांचा नियामक, म्हणजे रिझर्व्ह बँक आहे.

आणि एक, जे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. तो झोपतो का, खातो का, एकटा बसून राहतो का, याकडे लक्ष ठेवा. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही निघालं तोंडातून, तर ते बोलण्याच्या ओघात आलं असं समजू नका. त्याला एकटं सोडू नका, तेव्हाच्या तेव्हा त्याच्या बायकोला बोलावून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सहा लाख फिटतात. वसुलीच्या टेबलावर मी याहून मोठी देणी फिटलेली पाहिली आहेत, आणि एक घर असंही पाहिलं आहे जिथे देण्याचा कागद राहिला आणि मुलगा राहिला नाही. त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

प्रश्न : मुलीने कार्डाचे हप्ते आठ महिने भरलेले नाहीत. आता बँकेकडून फोन आहे की निम्मे पैसे एकरकमी भरा, सेटलमेंट करून टाकू, पण आजच्या आज. निम्मी रक्कम माझ्याकडे आहे. भरू का? — एक वडील

उत्तर : आजच्या आज मुळीच नाही. फोनवरच्या सेटलमेंटला काहीही अर्थ नसतो. आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र मागवा : कार्डाचा नंबर, ठरलेली रक्कम, भरायची मुदत, आणि ती भरल्यावर उरलेलं देणं माफ होईल असं स्पष्ट वाक्य. ते पत्र खरं आहे का याची खात्री बँकेच्या अधिकृत नंबरवर किंवा शाखेत जाऊन करा. फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नको. पैसे कार्डाच्याच खात्यात भरा, कुणा माणसाच्या खात्यात किंवा हातात रोख नाही.

मुलीला हेही समजावून सांगा की सेटलमेंट म्हणजे पूर्ण फेड नव्हे. क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर समोरचा ते बघतो. तिची नोकरी नीट चालू असेल आणि दोन-अडीच वर्षांत पूर्ण फेडणं जमणार असेल, तर मी हप्ते मागून घेईन. नोकरी गेली आहे किंवा आजारपण आहे आणि दुसरा मार्गच दिसत नाही, तर सेटलमेंट घ्यायला लाज नाही. पहिला आकडा ही त्यांची सुरुवात असते, तुम्हीही तुमचा आकडा सांगा. आणि ती रक्कम तुमच्या स्वतःच्या गरजेची नसेल तरच द्या.

पैसे भरल्यावर महिन्याभरात 'नो ड्यूज'चं, म्हणजे आता काही देणं उरलेलं नाही असं बँकेचं पत्र हातात आलं पाहिजे. नाही आलं तर पाठपुरावा मुलीने करायचा, तुम्ही नाही. भरल्याची पावती, सेटलमेंटचं पत्र आणि नो ड्यूज, तिन्ही कागद एकत्र पिनअप करून ठेवा. पाच-सहा वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी त्याच कार्डासाठी फोन केला आणि ज्यांच्याकडे ते तीन कागद नव्हते, अशी माणसं माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत.